अमर शेख: लाल बावट्याच्या जथ्याचा पहिला आवाज

दौंडहून मनमाडकडे जाणारी रेल्वे भीमा नदी ओलांडून श्रीगोंदा तालुक्यात शिरते, तेव्हा काष्टी लागते. जनावरांच्या बाजारामुळे हे गाव पंचक्रोशीबाहेरही ओळखले जाते. याच मार्गावर श्रीगोंदा रोड, बेलवंडी ही स्थानके मागे टाकून गाडी विसापूरला पोहोचते. आज अहिल्यानगर जिल्ह्यातले हे एक लहानसे स्थानक आहे. पण इंग्रजांच्या काळात विसापूर हे नाव उच्चारले की लोकांच्या डोळ्यांसमोर तुरुंग उभा राहायचा. १९३०च्या सविनय कायदेभंगानंतर मुंबई इलाख्यातले असंख्य सत्याग्रही इथे आणून ठेवले होते.

या तुरुंगात बार्शीचा एक तरुण गिरणी कामगारही येऊन गेला. त्याचे नाव होते महबूब. पुढे हाच तरुण ‘शाहीर अमर शेख’ म्हणून महाराष्ट्रभर ओळखला गेला. त्यांचा आवाज, त्यांची गाणी, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा यांबद्दल बरेच बोलले जाते. त्यांच्या कामाची एक बाजू मात्र मागे राहते. ते एका जथ्याचे पुढारी होते, आणि या जथ्याचे काम होते समोरच्या गर्दीत जीव ओतणे.

चीअरलीडर आणि शाहीर: नाते काय?

क्रिकेटच्या मैदानावर चीअरलीडर दिसू लागल्यापासून हा शब्द मराठी घरांत पोहोचला. त्याचा उगम अमेरिकेतला. १८९८ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाचा विद्यार्थी प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्याने त्यांच्याकडून एका तालात घोषणा म्हणवून घेतल्या. तिथून या प्रकाराची सुरुवात मानली जाते. कसरती आणि नाच त्यात नंतर आले. मूळ काम एवढेच होते की विस्कळीत गर्दीचा एक आवाज करायचा.

महाराष्ट्रात हे काम शाहीर फार आधीपासून करत आले आहेत. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा १६५९ सालच्या प्रसंगावरचा आहे. शाहिराच्या हातात डफ आणि मागे तुणतुणे घेतलेले झीलकरी, ही मांडणी तेव्हापासून आजवर फारशी बदललेली नाही. विसाव्या शतकात याच मांडणीतून ‘कलापथक’ तयार झाले. त्यात गाणे आले, नाट्य आले, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक निश्चित उद्दिष्ट आले. अमर शेख यांचे आयुष्य हे अशा पथकाची धुरा कशी वाहावी याचे मराठीतले एक ठळक उदाहरण आहे.

बार्शीचा महबूब

अमर शेख यांचे मूळ नाव महबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे, एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. आईचे नाव मुनेरबी. जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीते आईच्या तोंडून ऐकत ते वाढले. गाण्याची रीतसर तालीम देणारा कोणी गुरू भेटण्याआधी कानावर पडले ते हे घरातले गाणे. पुढे मोठमोठ्या मैदानांवर उभे राहूनही त्यांच्या गाण्यात घरगुती ओळखीचा जो सूर राहिला, त्याचे मूळ इथे आहे.

शिक्षण फार झाले नाही. पोटासाठी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केले, मग गिरणीत कामगार झाले. बार्शी तेव्हा कापसाच्या व्यापाराचे आणि गिरण्यांचे गाव होते. कामाचे तास, पगार आणि मालकांची मनमानी यांवरून तिथे झगडे होत. तरुण महबूब या झगड्यांत ओढला गेला. सभेत भाषण करणारे बरेच असत. पण हजारभर थकलेल्या माणसांना पहिल्या ओळीत गप्प करून दुसऱ्या ओळीत गायला लावणारा गळा क्वचितच कोणाकडे असतो. तो त्यांच्याकडे होता.

विसापूरने काय दिले?

लढ्यात उतरल्याची किंमत तुरुंगवासाने द्यावी लागली. विसापूरच्या तुरुंगात त्यांची गाठ क्रांतिकारक कार्यकर्ते रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी पडली, आणि तिथे साम्यवादी विचारांशी त्यांचा परिचय झाला. पुढचे सगळे आयुष्य या वळणावर बेतलेले आहे.

त्या काळच्या तुरुंगांना राजकीय कैद्यांची शाळा म्हणत, ते उगाच नाही. एरवी जे एकमेकांना कधी भेटले नसते असे शेतकरी, वकील, विद्यार्थी आणि मजूर एका बराकीत येत. ज्याला वाचता येई तो वाचून दाखवी, ज्याला गाता येई तो गाई. गाण्याला इथे करमणुकीपलीकडचे काम होते. दिवस कंठायला आणि मन खचू न द्यायला ते लागे. लोकांना उमेद देणाऱ्या गाण्याची गरज तुरुंगात सर्वांत जास्त भासते.

कोल्हापूर आणि नवे नाव

सुटकेनंतर ते कोल्हापूरला गेले. कोल्हापूर तेव्हा मराठी चित्रपटांचे माहेरघर होते. मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत त्यांनी काही काळ नोकरी केली. इथल्या मित्रमंडळींनी त्यांना ‘अमर’ हे नाव दिले आणि महबूब पटेल यांचे ‘अमर शेख’ झाले.

चित्रपटाच्या दुनियेत आवाजाला आणि रुबाबदार चेहऱ्याला संधी होती. पण ओढ मुंबईच्या कामगारवस्तीची होती. लालबाग, परळ, माटुंगा लेबर कॅम्प अशा भागांत कोकण, घाट आणि देशावरून आलेले लाखो मजूर राहत होते. गावाकडचा तमाशा, भजन, भारूड त्यांच्याबरोबर मुंबईत आले होते. या माणसांना लढ्याची गोष्ट सांगायची तर ती त्यांच्याच चालीत सांगावी लागणार होती.

लाल बावटा कलापथक

१९४४ मध्ये ‘लाल बावटा कलापथक’ उभे राहिले. त्यामागे मुख्यतः तीन शाहीर होते: अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख. पथक कम्युनिस्ट चळवळीशी जोडलेले होते. ‘बावटा’ म्हणजे झेंडा. नावातच पथकाची ओळख होती.

या नावाकडे थोडे थांबून पाहायला हवे. तमाशाचा फड सहसा मालकाच्या नावाने ओळखला जातो. मालकाने सुपारी घ्यायची, कलावंतांना पगार द्यायचा, नफा-तोटा सोसायचा, आणि फडाचे नाव त्याचे असायचे. कलापथकात ही रीत मोडली. पथक झेंड्याच्या नावाचे झाले. तिथे पुढारी असायचा, पण मालक कोणीच नव्हता. त्यामुळे पुढाऱ्याला पैशाच्या जोरावर माणसे धरून ठेवता येत नसत. त्याला ती विश्वासाने आणि कामाच्या गोडीने धरून ठेवावी लागत.

दुसरा बदल सादरीकरणात झाला. पारंपरिक तमाशाची सुरुवात गणपतीच्या गणाने होते, मग कृष्ण आणि गवळणींची छेडछाड येते, त्यानंतर बतावणी आणि वग. अण्णा भाऊंनी हा साचा ठेवला, पण आतला मजकूर बदलला. गणात मायभूमीला आणि शिवरायांना वंदन आले, वगात सावकार, भांडवलदार आणि निवडणुकीला उभे राहिलेले शेटजी आले. साचा ओळखीचा असल्याने प्रेक्षक बिचकला नाही, आणि मजकूर त्याच्याच रोजच्या जगण्यातला असल्याने तो खिळून बसला.

जथ्यात कोण काय करतो?

कलापथकाचे यश समजून घ्यायचे तर आतली रचना पाहावी लागते. मुख्य शाहीर कथा पुढे नेतो. डफ त्याच्या हातात असतो, म्हणजे लयही त्याच्या ताब्यात असते. झीलकरी त्याच्या मागे उभे राहतात. ओळीचा शेवट ते उचलतात, लांबवतात आणि ‘जी जी’ करत पुन्हा शाहिराच्या हाती देतात. सुरत्या सूर धरून ठेवतो. ढोलकी आणि बाजाची पेटी गरजेप्रमाणे येतात.

झिलीला अनेक जण शोभेचा भाग समजतात. प्रत्यक्षात शाहिराचा श्वास तिच्यावर अवलंबून असतो. उघड्या मैदानात वरच्या पट्टीत तासभर पोवाडा गाणारा माणूस श्वास घेतो कधी, तर झीलकरी गात असतात त्या तेवढ्या क्षणात. झील कमी पडली की शाहिराची दमछाक होते, आणि झील अर्धा मात्रा उशिरा आली की मैदानावर चढलेला रंग उतरतो. म्हणून जाणता शाहीर तालमीत स्वतःच्या गळ्याइतकाच वेळ झीलकऱ्यांवर घालवतो.

झिलीचे दुसरेही एक काम आहे. झीलकरी गर्दीला वाट दाखवतात. शाहिराची ओळ नवी असते, ती ऐकून लगेच म्हणता येत नाही. पण झीलकऱ्यांनी दोनदा उचललेले धृपद तिसऱ्यांदा येते तेव्हा पुढच्या रांगेतली माणसे ओठ हलवू लागतात, चौथ्यांदा मागची रांगही सामील होते. त्यानंतर झीलकरी चार-पाच उरत नाहीत, अख्खे मैदान झीलकरी होते. चीअरलीडर पथकाची प्रमुख घोषणेची पहिली ओळ देते, पथक दुसरी देते आणि प्रेक्षक तिसरी. तीच ही पद्धत.

अमर शेख यांचा आवाज पहाडी होता. ध्वनिक्षेपकाची सोय जेमतेम असलेल्या सभांत असा आवाज म्हणजे पथकाचे मोठे भांडवल. त्याला जोड होती ती लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या चालींची. ओवी, कोळीगीत, लावणी आणि पोवाडा यांच्या चाली शिकवाव्या लागत नसत. लोकांना फक्त नवे शब्द उचलायचे असत.

दुसऱ्याचे शब्द, आपला आवाज

अमर शेख स्वतः कवी होते. तरीही त्यांच्या गळ्यातून लोकांपर्यंत पोहोचलेल्या गाण्यांत इतरांच्या, विशेषतः अण्णा भाऊंच्या, रचनांचा मोठा वाटा आहे. ज्याच्याकडे लेखणी आहे त्याला दुसऱ्याची ओळ स्वतःच्या ओळीइतक्याच जोराने गाणे सोपे नसते. पथकात मात्र हाच नियम चालतो. त्या दिवशी मैदानावर जे गाणे चालणार असेल ते गायचे, मग ते कोणीही लिहिलेले असो.

अण्णा भाऊ साठे यांचे शालेय शिक्षण जवळपास नव्हते. मातंग समाजात जन्मलेला, वाटेगावहून पायी मुंबईला आलेला हा लेखक. अमर शेख बार्शीच्या गरीब मुस्लिम घरातले. गवाणकर तिसऱ्याच वळणाचे. जात, धर्म आणि प्रदेश यांनी माणसे वाटली जाण्याच्या काळात हे तिघे एका मंचावर उभे राहून एक धृपद गात होते. व्यासपीठावरून एकजुटीचा उपदेश करणारे पुष्कळ होते. इथे ती समोर उभी दिसत होती.

पथकाचा आवाका गिरणगावापुरता नव्हता. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली असे मानले जाते. त्या दुष्काळाची हाक अण्णा भाऊंनी गाण्यातून मराठी माणसापर्यंत नेली. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडाही गाजला. ज्या गावाचे नाव ऐकणाऱ्याने कधी ऐकले नाही, तिथल्या माणसांसाठी त्याच्या डोळ्यांत पाणी आणणे ही या शाहिरांची ताकद होती.

जेव्हा वारा उलटा असतो

गर्दी नेहमी आपल्या बाजूची नसते. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनापासून कम्युनिस्ट पक्ष दूर राहिला होता. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशिया फॅसिझमशी लढत असल्याने युद्धाला पाठिंबा द्यावा, अशी पक्षाची भूमिका होती. देशभर स्वातंत्र्याची लाट असताना ही भूमिका अनेकांना पटली नाही. लाल बावट्याचे नाव घेऊन मंचावर येणाऱ्या पथकाला या रोषाचाही सामना करावा लागे.

स्वातंत्र्यानंतर वेगळी अडचण आली. १९४८ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने सरकारविरोधी आक्रमक धोरण घेतले आणि सरकारने कार्यकर्त्यांची धरपकड सुरू केली. मुंबई राज्यात तमाशावरही बंधने आली. लाल बावट्याच्या कार्यक्रमांना याचा फटका बसला. तमाशा म्हणून परवानगी मिळत नसेल तर ‘लोकनाट्य’ म्हणून तोच खेळ करायचा, ही वाट त्या काळात रुळली. त्याचे मोठे श्रेय अण्णा भाऊंना दिले जाते.

जथ्याच्या दृष्टीने हा काळ सर्वांत कठीण असतो. कार्यक्रम होत नाहीत तेव्हा टाळ्या नसतात, तालमीला निमित्त नसते आणि माणसे पोटापाण्याच्या मागे पांगतात. या दिवसांतही अमर शेख लिहीत राहिले. ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक १९५१ मधले. पुन्हा मैदान मिळाले तेव्हा हाताशी नवी गाणी होती.

संयुक्त महाराष्ट्र: सर्वांत मोठे मैदान

ते मैदान मिळाले १९५५ नंतर. मराठी भाषकांचे मुंबईसह एक राज्य व्हावे, ही मागणी जुनी होती. राज्य पुनर्रचनेच्या वेळी मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी चिन्हे दिसताच लोक रस्त्यावर आले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरात मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि पुन्हा गोळ्या चालल्या. या लढ्यात १०६ जण हुतात्मे झाले. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली.

समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन अशी एकमेकांशी न पटणारी मंडळी होती. नेते एका व्यासपीठावर बसले, तरी कार्यकर्ते आणि सामान्य माणूस यांना एका भावनेत बांधणारे काहीतरी हवे होते. ते काम शाहिरांनी केले. अमर शेख, अण्णा भाऊ आणि गवाणकर यांच्याबरोबर शाहीर साबळे, आत्माराम पाटील असे कितीतरी शाहीर गावोगाव फिरले.

अण्णा भाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड या काळाची खूण झाली. पोटासाठी मुंबईत आलेला मजूर गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, एवढीच तिची गोष्ट. पण ऐकणाऱ्याला तिच्यात महाराष्ट्रापासून तुटलेला बेळगाव, कारवार, निपाणीचा मराठी मुलूख दिसू लागला. राजकीय मागणीचे कलमवार विवेचन जिथे पोहोचत नव्हते, तिथे ही छक्कड पोहोचली. अमर शेख यांच्या बुलंद गळ्याने असे शब्द मैदानाच्या टोकापर्यंत नेले.

सभेतल्या कलापथकाचे वेळापत्रक ठरलेले असे. नेते यायच्या आधी गाणे सुरू व्हायचे, म्हणजे माणसे जमायची. भाषणे लांबली की मध्ये पुन्हा एक गाणे, म्हणजे उठू पाहणारे बसायचे. शेवटही गाण्याने, म्हणजे लोक चाल गुणगुणत घरी जायचे. या व्यवस्थेत शाहिराच्या वाट्याला कष्ट फार आणि पद काहीच नाही. आमदारकी-खासदारकी भाषण करणाऱ्यांकडे गेली. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा धक्का दिला, त्यात शाहिरांच्या या राबण्याचा वाटा मोठा होता.

लोकांच्या संतापाला गाण्यात बांधणे ही जोखमीची गोष्ट होती. गोळीबारात माणसे गेलेली, घराघरात राग धुमसत असलेला. अशा गर्दीला चेतवणे सोपे असते. पण चेतवलेली गर्दी आपल्याच अंगावर पुन्हा गोळ्या ओढवून घेऊ शकते. एका तालात गाणारा जमाव मात्र त्या तालापुरता तरी एकत्र राहतो. गाण्याने राग विझत नाही, पण त्याला धृपद मिळते आणि तो वाट पाहू शकतो. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. बेळगाव-कारवारचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

आचार्य अत्रे या लढ्यातले शाहिरांचे जवळचे साथी. त्यांनी अमर शेख यांची तुलना रशियन क्रांतीचे कवी मायकोव्हस्की यांच्याशी केली होती. मायकोव्हस्कीही मंचावर उभे राहून हजारोंसमोर कविता म्हणत. ऐकणाऱ्याच्या छातीला भिडेल असा शब्द ही दोघांची समान खूण.

मंचाबाहेरचा माणूस

अमर शेख यांच्या पत्नी ज्योती याही चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. कन्या मल्लिका अमर शेख यांनी पुढे कवयित्री म्हणून नाव मिळवले. दलित पँथरचे संस्थापक कवी नामदेव ढसाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन मराठीत गाजले. वडिलांचे निधन झाले तेव्हा त्या अवघ्या बारा वर्षांच्या होत्या.

‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे अमर शेख यांचे कवितासंग्रह. ‘युगदीप’ आणि ‘वख्त की आवाज’ ही नियतकालिकेही त्यांनी चालवली. १९६१ च्या ‘प्रपंच’ चित्रपटात त्यांनी काम केले. गरिबी आणि वाढत्या कुटुंबाचा भार यांत पिचलेल्या कुंभाराच्या घराची ती कथा होती. मैदान गाजवणारा माणूस पडद्यावर हताश बापाच्या भूमिकेत दिसला.

१९६२: झेंडा आणि देश

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. कम्युनिस्ट पक्षात यावरून तीव्र मतभेद झाले आणि १९६४ मध्ये पक्ष फुटला. लाल झेंड्याखाली आयुष्य काढलेल्या शाहिरासमोर हा खरा पेच होता. अमर शेख यांनी संदिग्धता ठेवली नाही. ते देशाच्या बाजूने उभे राहिले, पेटलेल्या हिमालयासाठी लोकांना हाक देणारी रचना त्यांनी केली आणि कार्यक्रमांतून देशरक्षणाचा प्रचार केला.

जथ्याच्या पुढाऱ्याला अशी वेळ कधीतरी येतेच. ज्या झेंड्यामागे माणसे जमवली तो एकीकडे आणि ज्या लोकांसाठी गायचे ते दुसरीकडे, असे झाले की त्याला निवड करावी लागते. अमर शेख यांनी समोर बसलेल्या माणसांची निवड केली.

आजच्या पथकप्रमुखाला यातून काय घेता येईल?

शाळेच्या लेझीम पथकापासून ढोल-ताशा पथकापर्यंत आणि महाविद्यालयाच्या चीअरलीडिंग संघापासून पथनाट्याच्या चमूपर्यंत, प्रमुखासमोरचे प्रश्न तेच असतात. अमर शेख यांच्या कामातून काही गोष्टी उघड दिसतात.

पहिली, मागची फळी आधी. झीलकरी पक्के नसतील तर शाहिराचा गळा कितीही मोठा असला तरी पुरत नाही. चीअरलीडिंगच्या मनोऱ्यातही वर चढणाऱ्या मुलीपेक्षा खाली खांदे देणाऱ्यांची तालीम आधी व्हावी लागते.

दुसरी, चाल ओळखीची आणि शब्द नवे. प्रेक्षकाला लगेच उचलता येईल असे काही दिले तरच तो सामील होतो. अवघड रचनेला टाळ्या मिळतात, साथ मिळत नाही.

तिसरी, चांगली ओळ ज्याची असेल त्याची गायची. प्रमुखानेच सगळे सुचवावे असा हट्ट धरला की पथकातले सुचणारे हळूहळू गप्प होतात.

चौथी, हार समोर दिसत असतानाच खरे काम असते. संघ जिंकत असताना प्रेक्षक आपोआप ओरडतात. लाल बावट्याच्या शाहिरांनी रोषाच्या, बंदीच्या आणि गोळीबाराच्या दिवसांत गाऊन दाखवले.

आणि पाचवी, गर्दीचा ताबा ही जबाबदारी आहे. हजार माणसांना एका सुरात आणणाऱ्याला त्यांना घरी सुखरूप पाठवण्याचेही भान ठेवावे लागते.

शेवटचे ४२ दिवस

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ साठे गेले. वय ४८ होते. अखेरचे दिवस आजारपणात आणि गरिबीत गेले. एका मंचावर उभ्या राहिलेल्या तिघांपैकी एक आवाज थांबला.

त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचे निधन झाले. मोटारीवर क्लीनर म्हणून ज्याने कामाला सुरुवात केली, त्या माणसाचा शेवट रस्त्यावरच झाला. वय अवघे ५२. ज्यांनी लिहिले आणि ज्यांनी गायले, ते दोघेही एकाच पावसाळ्यात गेले.

मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे. पुण्यात जुन्या बाजाराजवळच्या वर्दळीच्या चौकाला शाहीर अमर शेख चौक म्हणतात. काष्टी-श्रीगोंद्याकडून पुण्याला कामासाठी येणाऱ्या अनेकांना तिथला सिग्नल पाठ आहे. विसापूरचा तुरुंगही अजून आहे. आज ते खुले कारागृह म्हणून ओळखले जाते आणि तिथले कैदी शेती करतात.

कलापथके आता फारशी उरली नाहीत. पण गावच्या जत्रेत किंवा शाळेच्या मैदानात कोणी डफावर थाप मारून पहिली ओळ म्हणतो, मागचे चार जण ती उचलतात आणि पाठोपाठ समोरची माणसे तोंड उघडतात, तेव्हा बार्शीच्या त्या कामगाराने जन्मभर केलेले काम पुन्हा एकदा होत असते.